दाजी मिशनवर असतात

आमच्या गडहिंग्लज-चंदगड भागातला माणूस मुंबईला असतो, गोव्याला असतो, नाहीतर मिलिटरीत असतो. आमचे दाजी मिशनवर असतात. मिशन कधी दोन आठवड्यांचं असतं, कधी सहा. नशीब जोरावर असेल तर दोन वर्षांचं. ते मापुटोला असतं, किगालीला असतं, आक्राला असतं. श्रीमंत देश गरीब देशांना व्यापार-उदीम वाढवण्यासाठी पैसे देतात, ते पैसे कुठं आणि कसे घालावेत हे सांगायला दाजी जातात. आजीला हे समजावताना ताईची पार दमछाक झाली होती.

"म्हणजे पंक्तीतला वाढपी," आजी म्हणाली.

"वाढपी नव्हे गं. कुणाच्या पानात किती वाढायचं ते वाढप्याला सांगणारा."

"मग तो जेवतो कधी?"

ताई गप्प बसली. दाजींनीच मोकळेपणानं सांगितलं, "सगळ्यांच्या आधी, आजी. ॲडव्हान्स मिळतो."

या जातीचा माणूस शंभरात ओळखू येतो. अंगात बिनबाह्यांचं, चौदा खिशांचं जाकीट; त्यातल्या तेरा खिशांत काही नसतं. खांद्याला जी बॅग असते ती विकत घेतलेली नसते, तिच्यावर कुठल्या तरी परिषदेचं नाव आणि साल असतं. घरात पाऊल टाकल्याबरोबर डोळे आधी प्लग शोधतात, मग माणसं. प्रश्न विचारला की "याला दोन बाजू आहेत" म्हणून सुरुवात होते आणि तिसऱ्या बाजूला चहा गार होतो. आणि हाताला कागद लागला की चौकोन आणि बाण. आमच्या चुलतभावाच्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर दाजींनी मांडवातच काजूची सगळी मूल्यसाखळी काढली होती: शेतकरी, बाण, दलाल, बाण, कारखाना, बाण, निर्यातदार, बाण, गिऱ्हाईक. मग पेनाचं टोक मधल्या चौकोनावर ठेवून मला म्हणाले, "पाव्हणं, तुम्ही हितं."

मी खरोखरच तिथं आहे. चंदगड रस्त्याला माझा काजूचा लहानसा कारखाना आहे. आमच्या भागातली आणि कोकणातली बी पावसाळा लागेपर्यंत मिळते, ती काही वर्षभर पुरत नाही. पुढचे महिने मंगळूरच्या व्यापाऱ्याकडून आलेल्या पोत्यांवर काढायचे, आणि त्या पोत्यांवर घाना, टांझानिया असं छापलेलं असतं. आता दाजींचा आणि माझा धंद्यातला संबंध बघा. कच्ची बी भारताला विकू नका, तुमच्याच देशात फोडा, गर विका, तुमच्या बायकांना काम द्या, हे आफ्रिकेत सांगायला दाजी जातात. त्यांचं न ऐकता जी बी इकडं येते, तिच्यावर माझा कारखाना चालतो. दाजींना यश आलं तर माझ्या दाराला कुलूप. इतक्या वर्षांत बी नाही म्हणून माझा कारखाना एक दिवसही बंद पडलेला नाही, यावरून काय तो अंदाज बांधावा.

दाजी मूळचे शेती-अर्थशास्त्राचे. पुण्यात चांगली नोकरी होती. नव्वदच्या दशकात एका परदेशी सल्लागार कंपनीला काजू कळणारा इंग्रजी बोलणारा माणूस हवा होता. दाजींना इंग्रजी येत होतं आणि त्यांची सासुरवाडी काजूच्या पट्ट्यात होती. एवढं पुरलं.

त्यांचं गडहिंग्लजचं घर म्हणजे परकीय मदतीचा चालताबोलता इतिहास आहे. स्वयंपाकघराचा कडप्पा मोझांबिकचा. म्हणजे दगड कडप्प्याचाच, पैसा मोझांबिकच्या कामाचा. २००५ च्या डिसेंबरात हाँगकाँगला जागतिक व्यापार संघटनेची मंत्रिपरिषद भरली आणि तिथं 'व्यापारासाठी मदत' या गोष्टीला जगानं मान्यता दिली. घराचा वरचा मजला त्यानंतरचा. मागची न्हाणी रवांडाच्या कॉफीची. पुढचं लोखंडी फाटक बुसियाचं. बुसिया म्हणजे केनिया आणि युगांडाच्या हद्दीवरचं गाव. तिथं पूर्वी ट्रकवाल्याला आधी या देशाच्या कचेरीत कागद दाखवायचे, मग पुढं सरकून त्या देशाच्या कचेरीत तेच कागद पुन्हा. दोन्हीकडं रांग, दोन्हीकडं शिक्के, ड्रायव्हर ट्रकखाली चूल मांडून बसलेले. मग ब्रिटन आणि इतर देशांच्या पैशातून दोन्ही देशांचे अंमलदार एका छताखाली बसवले, आणि ज्या देशात शिरायचं त्या बाजूला एकदाच थांबायचं असं झालं. "एकच थांबा," दाजी फाटकावर हात ठेवून सांगतात. त्यांचं स्वतःचं फाटक मात्र पावसात फुगतं का गंजतं कोण जाणे, दोनदा ढकलल्याशिवाय उघडत नाही.

खासगी उद्योगावर या माणसाची जी श्रद्धा आहे तशी मी कुठल्याच उद्योजकात बघितलेली नाही. आम्ही धंदेवाले दोन जमलो की बँक, लाईट, कामगार, जीएसटी यांच्या नावानं शिमगा करतो. दाजी तसले नाहीत. "बाजार आपोआप मार्ग काढतो," ते डोळे अर्धे मिटून म्हणतात. याचं कारण मला उशिरा लक्षात आलं: त्यांनी आयुष्यात काहीच विकलेलं नाही. आजऱ्याजवळ त्यांची काजूची बाग आहे, वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ ची चांगली कलमं आहेत. एका वर्षी ताई आजारी होती म्हणून बी घालायला दाजी स्वतः आले. बाहेरून आलेल्या दलालानं पोत्यात मूठ घातली, बी पाण्याच्या बादलीत टाकली, तरंगणाऱ्या चार उचलून दाखवल्या आणि भाव पाडून मागितला. दाजी म्हणाले, "तुमच्या दृष्टीनं विचार केला तर हा भाव रास्त आहे." दलालाला आयुष्यात असं कुणी म्हटलं नव्हतं, त्यानं पुन्हा बादलीकडं बघितलं, आपलंच काही चुकलं की काय म्हणून. पुढच्या वर्षीपासून ताई माझ्याकडं बी घालते आणि बाजारभावाच्या वर दोन रुपये घेतल्याशिवाय पोत्याची सुतळी सोडू देत नाही. घरात खासगी क्षेत्र म्हणाल तर ती आहे.

मोझांबिकची गोष्ट दाजी फारशी सांगत नाहीत, म्हणून मीच सांगतो. पोर्तुगीजांनी ब्राझीलचा काजू जसा गोव्यात आणला तसा मोझांबिकलाही नेला, आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तो देश काजूत जगात पहिल्या रांगेत होता. १९७५ ला स्वातंत्र्य आलं, पाठोपाठ यादवी. ती १९९२ ला थांबली. सरकारी कारखाने खासगी मालकांना विकले. तेवढ्यात जागतिक बँकेनं अट घातली की कच्च्या बीच्या निर्यातीवरचा कर कमी करा. युक्तिवाद असा की कर उतरला म्हणजे भारतातले व्यापारी जास्त भाव देतील आणि शेतकऱ्याच्या हातात दोन पैसे येतील. कर उतरला, बी जहाजातून भारताकडं निघाली, तिथले कारखाने एकामागून एक बंद पडले आणि हजारो कामगार घरी बसले, त्यांत बायका पुष्कळ. शेतकऱ्याला काय मिळालं याचा हिशेब पुढे अर्थशास्त्रज्ञ दानी रॉड्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला. तो काजू पिकवणाऱ्या घरामागं वर्षाला पाचेक डॉलर भरला. मोझांबिकनं नंतर कर पुन्हा १८ ते २२ टक्क्यांच्या घरात नेला, आणि नांपुला भागात मोठ्या यंत्रांऐवजी आपल्याकडच्यासारखी हातापायानं चालवायची कटरं बसवून लहान कारखाने उभे राहिले. या कामात टेक्नोसर्व्ह या अमेरिकन संस्थेची मोठी मदत झाली आणि ती मदत कारणी लागली, हे काजूवाला म्हणून मी मान्य करतो.

कर उतरवावा असं सांगणाऱ्या अहवालांच्या गठ्ठ्यात एक दाजींचा होता. लहान कारखाने कसे उघडावेत हे सांगणाऱ्या गठ्ठ्यातही एक दाजींचा होता. मी एकदा न राहवून विचारलं, "दाजी, बंद पडतील असं तुम्हीच केलं आणि उघडायलाही तुम्हीच गेला?"

ते मुळीच चिडले नाहीत. "पाव्हणं, पहिल्या वेळी टीओआर वेगळा होता."

टीओआर म्हणजे कामाची व्याप्ती सांगणारा चारपाच पानी कागद. दाजींच्या धर्मात तो शिलालेख. त्यात लिहिलेलं सोडून जगात काही घडत असलं तर ते दुसऱ्या सल्लागाराच्या हद्दीत घडतं.

प्रत्येक देणाऱ्याची बोली निराळी, आणि दाजींना सगळ्या येतात. जर्मनांच्या बैठकीत रंगीत कार्डं लागतात. एका कार्डावर एकच मुद्दा, जाड पेनानं, आणि ते टाचणीनं फळ्यावर. ब्रिटिशांना 'थिअरी ऑफ चेंज' लागते: आपण अमुक केलं तर तमुक का होईल याचं चित्र. अमेरिकनांना आकडे लागायचे, तेही बायका वेगळ्या, पुरुष वेगळे, तिशीच्या आतले वेगळे. जपान्यांना कायझेन, म्हणजे कामात रोज थोडी थोडी सुधारणा. इथिओपियाच्या पंतप्रधानांना ते इतकं भावलं की त्यांनी जपानच्या मदतीनं कायझेनची राष्ट्रीय संस्थाच काढली. दाजी तेव्हा आदिस अबाबात दुसऱ्या कामासाठी होते, तरी परत आल्यावर त्यांनी ताईची फडताळं कायझेनप्रमाणे लावली. मिठाचा डबा ताईला तीन दिवस सापडला नाही. जागतिक बँकेचा 'डुइंग बिझनेस' अहवाल निघत असे तेव्हा दाजींचं निम्मं पोट त्याच्यावर होतं. कंपनी नोंदवायला किती दिवस लागतात, किती शिक्के लागतात, ते कमी करा, क्रमांक वर चढवा. भारत १४२ वरून ६३ वर कसा आला हे ते मलावीच्या अधिकाऱ्यांना रंगवून सांगत. मी मात्र त्याच काळात माझ्या शेडच्या लाईटच्या मीटरसाठी गडहिंग्लजला हेलपाटे घालत होतो. २०२१ मध्ये आकड्यांत फेरफार झाल्याचं उघड होऊन बँकेनं तो अहवालच बंद केला. दाजींनी रातोरात ती स्लाइड काढली आणि त्या जागी डोंगरावरच्या सूर्योदयाचं चित्र टाकलं.

एकदा त्यांनी मलाच बरोबर नेलं. प्रकल्प घानाचा, पैसा अमेरिकेचा, आणि टीओआरमध्ये 'प्रत्यक्ष प्रक्रियेचा अनुभव असलेला तज्ज्ञ' अशी एक ओळ कुणीतरी घालून ठेवली होती. तसला माणूस त्यांच्या जगात सापडेना. "सीव्हीत 'मेव्हणा' लिहू नका फक्त," दाजी म्हणाले.

आक्राच्या हॉटेलात दोन दिवसांची कार्यशाळा झाली. तिकडं सभेची सुरुवात प्रार्थनेनं होते, ते मला आवडलं. आपल्या धंद्याची शेवटची आशा कुठं आहे हे त्यांनी पहिल्याच मिनिटाला सांगून टाकलं. मग मंत्रालयाचे अधिकारी, बँकवाले, शेतकरी संघटना, विद्यापीठ असे सगळे गोल टेबलांभोवती बसले. काजू घानाबाहेर कच्चा जाऊ नये यावर कुणाचंच दुमत नव्हतं. ज्यांच्यामुळं तो कच्चा जातो ते व्हिएतनामी आणि भारतीय खरेदीदार त्या हॉलमध्ये नव्हते. ते काजूचा बाजार भरतो त्या सांपा गावी होते, कारण फेब्रुवारी लागला होता आणि बी पडायला सुरुवात झाली होती. दोन दिवस काजूवर बोलणं चाललं आणि चहाबरोबर शेंगदाणे आले.

तिसऱ्या दिवशी पांढऱ्या लँडक्रूझरमधून कुमासीमार्गे टेचिमानकडं निघालो. वाटेत गावागावांत बीची पोती, तराजू, आणि खुर्चीवर बसलेला खरेदीदाराचा माणूस. त्याच्या हातात कटर. तो किलोभर बी मोजून घेतो, फोडतो, चांगला गर वेगळा काढून वजन करतो. किलोला पावणेतीनशे ग्रॅम गर निघाला की ऐंशी किलोच्या पोत्याला अठ्ठेचाळीस पौंड, आणि त्यावर भाव. हे गणित जगभरातल्या काजूवाल्यांना झोपेतही येतं. दाजींनी वीस वर्षं ते अहवालात लिहिलेलं होतं, बी फोडताना मात्र तिथं पहिल्यांदा बघितलं आणि बोटाला चीक लावून घेतला. टरफलातला तो चीक कातडी जाळतो. त्यांचं बोट आठवडाभर काळं होतं. प्रत्येक बैठकीत ते बोट पुढं करून बोलत.

तिथला कारखाना एका बाईंचा होता. माणूस एक नंबर. पूर्वी शिक्षिका, मग बँकेत, मग नवऱ्याच्या पेन्शनीवर हा उद्योग. शेड झकास. बी वाफवायचा कुकर, सुकवायचा ओव्हन, ओळीनं कटरं, सगळं भारतातून आलेलं आणि निम्मं झाकून ठेवलेलं. जी कटरं चालू होती त्यांवर बायका होत्या, पण गर फार तुटत होता. अख्ख्या गराला जो भाव मिळतो त्याहून तुकड्याला फार कमी मिळतो, म्हणजे नफा तिथंच सांडत होता. मी एका मुलीशेजारी उकिडवा बसून बघत राहिलो. डाव्या हातानं बी पात्यांमध्ये लावायची, पायानं पेडल दाबायचं, पातं टरफलात रुतलं की उजव्या हातानं दांडी फिरवायची. टरफल उघडतं, गर अख्खा निघतो. तिचे हात सुरेख चालत होते. पाय मात्र दणकत होता. मग लक्षात आलं, तिचं स्टूल बुटकं होतं. गुडघा छातीशी येत होता, त्यामुळं पायाला अंदाजच राहत नव्हता. मी बाहेर जाऊन चार विटा आणल्या आणि स्टुलाखाली घातल्या. तिनं दहा-बारा बिया फोडल्या, थांबली, माझ्याकडं बघितलं आणि शेजारणीला तिच्या भाषेत काहीतरी सांगितलं. दुपारपर्यंत शेडमागचा विटांचा ढीग संपला होता.

अहवालात या प्रकाराचं नाव 'कार्यस्थळ-रचनेतील हस्तक्षेप' असं पडलं. लाभार्थी म्हणून शेडमधल्या सगळ्या बायका लागल्या, तिशीच्या आतल्या वेगळ्या दाखवून. विटांचा खर्च कुठल्या शीर्षाखाली टाकावा यावर आक्राच्या हिशेबनिसाचे तीन मेल आले.

संध्याकाळी बाईंनी ऑफिसात बसवलं. भिंतीवर काचेच्या फ्रेमा इतक्या की रंग दिसेना. सगळी प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं: दर्जा नियंत्रण, अन्नसुरक्षा, हिशेब ठेवणे, निर्यात सज्जता, महिला नेतृत्व, पुन्हा दर्जा नियंत्रण. बाई फार मर्यादेनं बोलल्या. म्हणाल्या, शिकवलंत त्याबद्दल आभार, पण माझी अडचण साधी आहे. बी फेब्रुवारी ते मे मिळते. वर्षभर कारखाना चालवायचा तर त्या चार महिन्यांत सगळी बी रोखीनं उचलायला हवी. बँक पंचवीस टक्क्यांच्या वर व्याज मागते. तुमच्या देशातून जो खरेदीदार येतो तो स्वस्त पैसा घेऊन येतो आणि माझ्या शेडसमोरून बी उचलतो. जून आला की माझी कटरं बंद. मला पोती भरायला पैसे मिळवून द्या.

मला उठून त्यांचे पाय धरावेसे वाटले. चंदगडच्या एमआयडीसीत, आजऱ्यात, कुठंही जा, काजूवाला हेच बोलतो.

दाजींनी डायरीत सगळं नीट उतरवून घेतलं. मग अतिशय आदरानं म्हणाले, "मॅडम, वित्तपुरवठा हा कंपोनंट तीन आहे. आम्ही कंपोनंट एक."

"कंपोनंट तीन कुठं भेटेल?"

"त्याची निविदा निघायची आहे."

रात्री गेस्टहाउसच्या व्हरांड्यात, लाईट गेलेली, मी विषय काढला. वाटलं होतं, बाजार आपोआप मार्ग काढतो वगैरे ऐकावं लागेल. पण दाजी बराच वेळ बोट चोळत बसले, मग म्हणाले, "मला काय कळत नाही होय, पाव्हणं? बाईला पोती भरायला पैसे पाहिजेत. पण समजा दिले. पुढं गराचा भाव पडला, बाईचे पैसे बुडाले, तर कागदावर बुडाले म्हणून लिहावं लागतंय. कुणाच्या सहीनं? शिकवलेलं कधी बुडत नाही. चाळीस शिकवले म्हणजे चाळीस शिकवले." मच्छर मारून ते पुढं म्हणाले, "अशानं सगळ्या आफ्रिकेला आम्ही काजूचं शिकवून ठेवलंय. आता फक्त काजू घ्यायचे राहिलेत."

हा माणूस ढोंगी असता तर लिहिणं सोपं गेलं असतं. तसा तो नाही. त्याला मदतीतलं कामाचं आणि बिनकामाचं नेमकं कळतं. केनियातल्या एम-पेसाचा, म्हणजे मोबाइलवरून पैसे पाठवायच्या सेवेचा, विषय निघाला की त्याचा चेहरा बदलतो. व्होडाफोननं ब्रिटिश सरकारच्या एका निधीतून दहा लाख पौंडांच्या आसपास रक्कम घेतली, तेवढीच स्वतःची घातली आणि मोबाइलवरून कर्जाचे हप्ते फेडायची सोय करून बघितली. लोकांनी हप्ते बाजूला ठेवून एकमेकांनाच पैसे पाठवायला सुरुवात केली. कंपनीनं ते ओळखलं आणि २००७ मध्ये सफारीकॉमनं सेवा बाजारात आणली. पुढं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. "प्रकल्पात लिहिलं होतं एक, झालं दुसरं, आणि कुणी अडवलं नाही. बघा, तेच चाललं," दाजी सांगतात. त्यांच्या सांगण्यावरून एम-पेसाच्या जन्मवेळी ते खोलीतच हजर होते असं वाटतं. ताईला विचारलं तर ती म्हणते, "त्या वर्षी ते टांझानियात होते. नैरोबीला नुसतं विमान बदललं." पण घानाहून परतताना नैरोबीच्या हॉटेलात काही दिवस काढल्यावर मला कळलं की विमान बदलणारेसुद्धा तिथं एम-पेसाचे काका लागतात, बाप तर टेबलागणिक एक भेटतो.

२०२५ चा जानेवारी उजाडला तेव्हा दाजी पुन्हा आक्रात होते. २० तारखेला वॉशिंग्टनमध्ये नव्या अध्यक्षांनी परकीय मदत नव्वद दिवसांसाठी थांबवली. काही दिवसांतच मेल आला: काम ताबडतोब थांबवा. दाजींनी मला फोनवर तो वाचून दाखवला. आवाजात राग नव्हता, नवल होतं. तीस वर्षं त्यांनी सरकारांना सांगितलं होतं की सरकारनं धंद्यातून अंग काढून घ्यावं. कुणीतरी इतक्या झपाट्यानं अंमलबजावणी करील असं त्यांना वाटलं नव्हतं. १९६१ मध्ये केनेडींनी सुरू केलेली यूएसएड ही अमेरिकन मदतसंस्था १ जुलै २०२५ ला संपली, उरलंसुरलं परराष्ट्र खात्यात गेलं. हॉटेलचं बिल कुणी द्यायचं यावर दाजींचा पत्रव्यवहार त्यानंतरही चालू होता. कंपोनंट तीनचा सल्लागार, सगळी निविदा पार करून, काम थांबलं त्याच आठवड्यात येणार होता. त्याचा व्हिसा झाला होता.

बाईंचा व्हॉट्सॲपवर मेसेज आला. कटरं झाकून ठेवली आहेत, शेड मोसमापुरतं एका भारतीय व्यापाऱ्याला बी साठवायला भाड्यानं दिलं आहे, आणि भाडं वेळेवर येतं, हा माझ्या धंद्यातला पहिला नियमित नफा आहे. खाली हसरा चेहरा. दाजींनी तो मेसेज मला दाखवला आणि फोन खिशात ठेवला, चौदापैकी कुठल्या ते मात्र नंतर सापडेना.

घरी बसलेले दाजी ताईला परवडत नाहीत. महिनाभरात त्यांनी फडताळं दोनदा लावली. मग एका सकाळी नव्या फायलीसह माझ्या ऑफिसात दाखल झाले. आता आपल्याच भागासाठी: आजरा-चंदगड काजू मूल्यसाखळी विकास. जागतिक बँकेच्या पैशातून राज्यात 'स्मार्ट' प्रकल्प चालतो, आशियाई विकास बँकेच्या पैशातून 'मॅग्नेट' चालतो. कुठं ना कुठं बसवता येईल. चौकोन होते, बाण होते. माझ्या चौकोनाला या खेपेस लाल रंग होता.

"हे लाल का?"

"तुम्ही बाधित आहात."

शिफारस क्रमांक दोन: स्थानिक शेतकऱ्याच्या बीला भाव मिळावा म्हणून आयात होणाऱ्या कच्च्या बीवरचं शुल्क वाढवावं. २०१८ च्या अर्थसंकल्पात ते पाच टक्क्यांवरून अडीच टक्क्यांवर आणलं होतं. मागणी खोटी नाही. आमच्या भागातले बागायतदार हेच मागतात, आणि ताई त्यांत पुढं आहे. पण मोझांबिकच्या वेळचा माणूस हाच, हे माझ्या तोंडावर आलं असावं, कारण दाजींनी घाईघाईनं पानं उलटली.

"तुमच्यासाठी तरतूद केलीय. पान अकरा."

पान अकरावर होतं: बाधित प्रक्रिया-उद्योजक व त्यांच्या महिला कामगारांसाठी दोन दिवसांचं कटिंग प्रशिक्षण, बैठकीच्या योग्य उंचीसह. प्रशिक्षक: घाना येथील अनुभवी महिला उद्योजक, दक्षिण-दक्षिण सहकार्याअंतर्गत. विमानभाडं, भत्ता, प्रमाणपत्रं. बँकेचं व्याज, खेळतं भांडवल यांबद्दल कंपोनंट तीनमध्ये पाहावं.

कारखान्यात सगळ्यांत जुन्या आक्का आहेत, अख्खा गर काढण्यात त्यांचा हात जिल्ह्यात कुणी धरणार नाही. दाजींनी पाहणीचा पहिला फॉर्म त्यांच्याकडूनच भरून घ्यायचं ठरवलं. वय, शिक्षण, घरात निर्णय कोण घेतं, सगळं झालं. मग त्यांनी आक्कांना समजावून सांगितलं की आफ्रिकेतून एक मोठ्या कारखानदार बाई तुम्हाला शिकवायला येणार आहेत, तुमची काय अपेक्षा आहे ते मोकळेपणानं सांगा.

आठवडाभरात नवी बी आली नव्हती, मंगळूरचा व्यापारी फोन उचलत नव्हता आणि आक्का अर्ध्या रोजावर होत्या. त्यांनी हातातलं काम ठेवलं, पदराला हात पुसले आणि विचारलं, "येताना बी घेऊन येत्यात काय?"